समुद्राकडे पाय

मी समुद्र पाहिलेला नाही, आणि आता या वयात पाहीन असंही वाटत नाही. तरी इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या खेड्याची बोळ न् बोळ मला पाठ आहे. त्या खेड्यातल्या एका माणसाला मी माझ्या हातांनी कायमचं चुकीचं निजवलं आहे, आणि ते सांगायलाच हे लिहायला बसलो. आजवर बायकोखेरीज आपल्या माणसांत कोणाजवळ बोललो नव्हतो. गेल्या माघात तीही गेली.

माझा जन्म देवासचा. आमचे पूर्वज सरकारांबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले आणि दफ्तरातच राहिले. देवासला एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि मधे बाजारातला रस्ता. आमचं घर थोरल्या बाजूचं, दूधवाला धाकट्या बाजूचा. म्हणजे आमच्या चहात रोज परराज्यातलं दूध पडत असे. माझे काका थोरल्या पातीच्या दफ्तरात नकलनवीस होते. मोडी, बाळबोध आणि इंग्रजी, तिन्ही अक्षरं मला त्यांनीच शिकवली. त्यांना स्वतःला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण अक्षर असं काढत की बघणाऱ्याने बघत राहावं. त्यांचा नियम एकच होता. नक्कल करताना मजकूर वाचायचा नाही.

“अर्थाकडे डोळा गेला की हात अडखळतो,” ते म्हणायचे. “तू अक्षर बघ. अर्थ ज्याचा तो बघून घेईल.”

एखाद्या अर्जातली भांडणं वाचून मला हसू फुटलं की पाठीत धपाटा बसे. पुढे पुढे मी इतका तयार झालो की पानंच्या पानं हाताखालून जायची आणि डोक्यात एक ओळ राहायची नाही. याचा मला केवढा अभिमान होता! चारचौघांत मी तो मिरवतही असे.

त्या अक्षराच्या जोरावर मला धारच्या इमारत खात्यात नोकरी लागली. संवत छप्पनचा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. रस्ते, पूल आणि मांडूच्या पडक्या महालांची डागडुजी यांवर देखरेख करायला दरबारने एक वयस्क इंग्रज इंजिनियर ठेवला होता. मी त्यांचा नकाशानवीस. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांच्या गावाचंही नाही. त्या गावाचं नाव मला कधी धड उच्चारताच आलं नाही आणि दर वेळी साहेबांच्या कपाळाला आठी पडायची.

साहेब विसाव्या वर्षी हिंदुस्थानात आले ते परत गेलेच नाहीत. जाऊ जाऊ म्हणता चाळीस वर्षं गेली असं ते सांगत. बायको नाही, मूल नाही. माणूस तुसडा. पाच वर्षांत माझ्या एका नकाशाला त्यांनी ‘ठीक’ म्हटलं, तो दिवस मी घरी शिरा करायला लावून साजरा केला. मग त्यांना जलोदर झाला. पोट फुगलं, पाय सुजले, आणि मी धारला येऊन सहावं वर्ष लागलं तेव्हा डॉक्टरने सांगून टाकलं की यांना जहाजाचा प्रवास सोसायचा नाही. त्या दिवसापासून साहेबांना आपलं गाव आठवायला लागलं.

त्यांच्याकडे तिकडचं एक साप्ताहिक यायचं. त्यात त्यांच्या गावच्या पाद्र्याने जुन्या माणसांना विनंती केली होती की गावाविषयी जे आठवत असेल ते लिहून पाठवा. गाव म्हणजे काय, एका चर्चच्या हद्दीत येणारी तीस-चाळीस घरं. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “कचहरी के बाद रोज आना. एक किताब लिखनी है.”

पुढचे चार महिने मी कचेरी सुटली की त्यांच्या बंगल्याच्या ओसरीवर जात असे. ते आरामखुर्चीत पाय वर घेऊन पेन्सिलीने लिहायचे, आणि मी त्याची शाईत नक्कल करायचो. नकाशा मात्र दोघांनी मिळून केला. गावाची पूर्वेची बाजू म्हणजे समुद्र. तिथे जमीन उतरत नाही, एकदम तुटते, ताशीव कड्यासारखी. कड्याच्या वर चर्च, चौकोनी बुरुजाचं, गारगोट्या बसवून बांधलेलं. मी विचारलं, गारगोटीचा बुरूज उभा कसा राहतो? आमच्याकडे काळा दगड असूनही मांडूचे घुमट खचले. साहेब म्हणाले, चुन्यावर आणि आमच्या हट्टावर. मासे धरून परतणारे कोळी त्या बुरुजाच्या खुणेने होड्या वळवायचे. धुकं पडलं की त्यातली घंटा वाजवायचे, आणि ती वाजवायचं काम साहेबांच्या बापाकडे होतं.

चर्चच्या अंगणात गावची थडगी होती. एका कोपऱ्यात सात अनोळखी खलाशांचं मिळून एकच थडगं होतं. वादळात गलबत फुटलं, सात जण वाळूवर लागले, कुठल्या देशाचे कोणाला कळेना; गावाने त्यांना आपल्या माणसांसारखं पुरलं. चर्चपासून खाली एक बोळ जाई, ती कोळ्यांच्या घरांपर्यंत. साहेबांच्या लहानपणीच तिचं टोक हवेत संपायला लागलं होतं, कारण कड्याचा तो भाग ढासळला होता. उलटी घालून तिला दार केलेली एक जुनी होडी होती, तिच्यात एक म्हातारी जाळी विणत बसे. गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि तिच्याजवळची जमीन कोणाची यावरून दोन कुटुंबं तीन पिढ्या बोलत नव्हती. हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी त्यांना देवासच्या रस्त्याची हकिकत सांगितली. गटाराच्या अलीकडे मारलं तर एका राज्याचा गुन्हा, पलीकडे मारलं तर दुसऱ्याचा. साहेब पोट धरून हसले, आणि हसल्याने त्यांना धाप लागली.

“इतना सब याद कैसे है, साहब?” मी एकदा विचारलं.

तेव्हा त्यांनी गावची एक चाल सांगितली. वर्षातून एकदा पाद्री आणि पंच सगळ्या पोरांना घेऊन गावच्या शिवेवरून फिरायचे. शिवेचा दगड आला की एकेका पोराला उचलून त्याचं ढुंगण दगडावर आपटायचे. पोरगा म्हातारा झाला तरी शीव विसरू नये म्हणून. साहेबांना अकरा दगड आठवत होते. नकाशावर त्यांनी अकराही दाखवले आणि प्रत्येकाला हात लावताना खुर्चीत थोडे सावरून बसले.

धारला आमच्याकडे दोन-दोन सागर आहेत, तलावांना आम्ही सागरच म्हणतो. मी म्हटलं, समुद्र म्हणजे आमच्या मुंजसागरासारखा, पण मोठा, असंच ना? साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, “नाही. तलाव तिथेच राहतो.”

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला हळूहळू कळलं. साहेबांना एकच हवं होतं. त्यांना बापाशेजारी निजायचं होतं. देह नेता येणार नाही हे त्यांना पटलं होतं, म्हणून निदान नाव तरी न्यायचं होतं. पुस्तकाबरोबर त्यांनी पाद्र्याला पत्र लिहिलं की बापाच्या थडग्यावरच्या दगडावर खाली जागा आहे, तिथे माझं नाव कोरावं. मी या गावचा आहे, एवढं त्या दगडाने सांगितलं तरी पुरे. ते पत्रही मीच शाईत उतरवलं.

पुस्तकाच्या मी तीन प्रती केल्या. एक पाद्र्याला, एक साहेबांना, आणि एक, वाटेत जहाज बुडालं तर, म्हणून. साहेबांनी पहिली प्रत चाळली आणि म्हणाले, “उत्तम.” ‘ठीक’ नाही, ‘उत्तम’. मी तरंगतच घरी आलो.

उत्तर यायला होळी झाली. पत्र मी नेऊन दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात ठेवलं. पाद्री नवा होता, भला वाटला. त्याने लिहिलं होतं की तुमचा नकाशा गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवला, ते रडले, इतका तो बरोबर आहे. मात्र दोन हिवाळ्यांपूर्वीच्या वादळात चर्चच्या अंगणाचा समुद्राकडचा भाग कड्यासकट खाली गेला. तुमच्या वडिलांचं थडगं त्यात होतं. हाडं वाळूवर सापडली ती कोणाची हे ओळखता आलं नाही, म्हणून गोळा करून आत दूर एका खड्ड्यात एकत्र पुरली. चर्चही आता धोक्याचं म्हणून बंद आहे, आणि गाव शेजारच्या गावात घालण्याचं चाललं आहे. तुमचं पुस्तक तिथल्या कपाटात जपून ठेवू.

साहेब म्हणाले, “नकाशा आण. लाल शाई आण.”

पाद्र्याने कडा आता कुठवर आला आहे ते खुणा देऊन कळवलं होतं. बुरुजाच्या भिंतीपासून इतकी पावलं, शिवेच्या उरलेल्या दगडांपासून इतकी. साहेबांनी मला त्या खुणांवरून नकाशावर लाल रेघ ओढायला लावली. मी ओढली. बोळ रेघेच्या पलीकडे गेली. उलटी होडी गेली, सात खलाशी गेले, विहीर गेली, आणि तिच्यावरून भांडणारी दोन्ही घरं गेली. शिवेच्या अकरा दगडांपैकी चार गेले. साहेबांनी फक्त रेघ सरळ आली आहे का ते पाहिलं. एवढ्या सुरेख नकाशाची मी माझ्या हाताने माती केली होती.

त्यानंतर साहेब अंथरुणाला खिळले. आषाढात एका दुपारी त्यांनी मला जवळ बसवलं. बोलायला त्रास होत होता.

“मुझे वैसे ही सुलाना,” ते म्हणाले, “जैसे मेरे बाप को सुलाया था. तू जानता है. तूने सब लिखा है.”

मी म्हटलं, “जी साहब. पाँव समंदर की तरफ.”

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हो म्हणाले की दुखलं म्हणून हलवली, हे आज मला सांगता येत नाही. मी हो समजलो. हे समंदराचं त्यांनीच मला गप्पांच्या ओघात सांगितलं होतं, की आमच्या गावचे सगळे मेलेले समुद्राकडे पाय करून निजतात, होड्या परत येताना बघत. ते चित्र मला इतकं आवडलं होतं की घरी येऊन मी बायकोलाही सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “अहो, मेल्यावर कोण समुद्र बघतंय? आपण कोणाला दक्षिणेकडे पाय करून निजू देत नाही, तसं त्यांचंही काहीतरी दिशेचं असेल. नीट विचारून घ्या हो.”

मी म्हटलं, “तुला काय कळतं त्यांच्या रीतीतलं? सगळं पुस्तक माझ्या हातून गेलंय.”

तिने भाकरी तव्यावर टाकली.

साहेब श्रावणात गेले, सकाळी, मी कचेरीला निघायच्या आत. चार दिवस झड लागली होती आणि चंबळ चढली होती. पाद्री महूच्या छावणीत, नदीपलीकडे; नदी उतरेपर्यंत तो येणं शक्य नव्हतं. त्या आठवड्यात धारमध्ये दुसरा गोरा माणूस नव्हता. ओल अशी की देह दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवणं शक्य नव्हतं. दरबारातून निरोप आला की साहेबांचं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच काय ते करा. मला दुःख झालं होतं, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी फुशारकीही होती. साऱ्या धारमध्ये साहेबांची रीत जाणणारा एक मीच होतो.

मी आधी कचेरीत गेलो. भिंतीवरचा हिंदुस्थानचा मोठा नकाशा उतरवला आणि मेजावर पसरला. साहेबांच्या गावाला समुद्र पूर्वेला, आपल्याला पश्चिमेला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण मला नुसती पश्चिम नको होती. धारपासून सगळ्यात जवळचा समुद्र कोणता ते मी मापून काढलं, खंबायतच्या आखाताचा. पट्टी लावली, कोन काढला, दोनदा ताडून पाहिला. तो पश्चिमेच्या जरा दक्षिणेला भरत होता. होकायंत्र खिशात टाकलं आणि भिजत गावाबाहेर गोऱ्या लोकांच्या कबरस्तानात गेलो. तिथे सात थडगी होती, जुन्या पलटणीतल्या शिपायांची.

कबर खणणारा म्हातारा माझ्या आधीच येऊन कामाला लागला होता. त्याने त्या सात थडग्यांच्या ओळीत, त्यांच्याच सारखी, गुडघाभर खणली होती. कुठे डोकं, कुठे पाय, हे त्याने फावड्याने दाखवलं. मी त्याला थांबवलं. म्हटलं, ही बुजव, मी आखून देतो तशी खण. मी खुंट्या मारून सुतळी ताणली. सुतळी बाकीच्या थडग्यांना तिरकी गेली. पाय तिकडे, मी म्हटलं, पश्चिमेकडे.

म्हातारा पावसात उभा राहून सुतळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाबूजी, यां तो सगळा उगमणी आड़ी पाँव करी ने सूता हे. तम इनके उल्टो क्यों सुवाड़ो?”

सगळे उगवतीकडे पाय करून निजलेत, यांनाच उलटं का निजवता, एवढंच त्याने विचारलं. मी त्याला झापलं. म्हटलं, हे शिपाईगडी, कुठल्या कुठल्या गावचे, यांना कोणी कसं टाकलं कोण जाणे. माझ्या साहेबांच्या गावची रीत वेगळी आहे. मी पुस्तक लिहिलंय. तो म्हणाला, “जसी तमारी मरजी,” आणि पहिला खड्डा बुजवायला लागला. त्या वेळी तो गप्प बसला याचं मला समाधान वाटलं होतं. आज वाटतं, त्याने माझ्याशी थोडं भांडायला हवं होतं.

दुपारी साहेबांना निजवलं. त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातला मयताचा भाग मीच उभा राहून वाचला. छत्री धरायला बंगल्याचा माळी होता. मी ब्राह्मण, जानवं घातलेला, ख्रिस्ती माणसाच्या कबरीवर त्यांची प्रार्थना म्हणत होतो. जातीत कोणी काय म्हणेल याचा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला. उच्चार चुकत असतील, पण मी एक शब्द गाळला नाही. घरी आलो तेव्हा बायकोने परसात आंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं. काही न विचारता तिने अंगावर तांब्या ओतला, आणि मग मला रडू आलं.

नवव्या दिवशी पाद्री आला. तरुण होता, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, घोडं नदीपलीकडे ठेवून नावेतून आलेला. मी त्याला कबरस्तानात घेऊन गेलो. मी शाबासकीची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. तो कबरीजवळ उभा राहिला, टोपी काढली, मग बाकीच्या थडग्यांकडे बघितलं, मग पुन्हा कबरीकडे.

“डोकं कोणत्या बाजूला आहे?” त्याने विचारलं.

मी दाखवलं. आणि मग सगळं सांगितलं. समुद्र, होड्या, साहेबांचा बाप, खंबायतचं आखात, होकायंत्र. माझं संपल्यावर त्याने हाताने तोंडावरचं पाणी पुसलं.

“बाबू,” तो म्हणाला, “तुम्ही फार प्रेमाने केलंत. पण समुद्राचा यात काही संबंध नाही. आमच्यात सगळ्यांनाच पूर्वेकडे पाय करून निजवतात. शेवटच्या दिवशी उठवतील तेव्हा समोर उगवती असावी म्हणून. तुमच्या साहेबांच्या गावाला पूर्वेलाच समुद्र होता, एवढंच.”

तो रागावला असता तर मला परवडलं असतं. तो हळू बोलत होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. मी म्हटलं, आत्ता उकरतो, माणसं बोलावतो. तो म्हणाला, नाही, एकदा मातीआड केलेल्याला हलवायला वरून परवानगी लागते. तुम्ही अर्ज करा, मीही शिफारस लिहितो. मग त्याने आपलं पुस्तक उघडून प्रार्थना म्हटली. म्हणताना तो कबरीच्या पायाकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. साहेबांचा चेहरा आपल्याकडे यावा म्हणून असेल.

मी अर्ज केला. इतकं जपून मी आयुष्यात काही लिहिलं नसेल. दिवाळीनंतर उत्तर आलं की अर्जदार मयताचा नातलग नाही, सबब विचार करता येत नाही. नातलगाने किंवा मयताच्या गावच्या चर्चने मागणी करावी. नातलग कोणी नव्हता. गावच्या पाद्र्याला मी लिहिलं, ते पत्र पाच महिन्यांनी न फोडता परत आलं. पाकिटावर शिक्का होता की असं गाव आता टपालात नाही. दुसरा अर्ज केला, त्याला तेच उत्तर आलं. तिसऱ्याला उत्तर आलं नाही. महूचा तो पाद्री तोवर बदलून गेला होता, आणि नव्याला वाटलं मी काहीतरी मागायला आलोय.

दोन वर्षं मी त्या रस्त्याने गेलो नाही. मग जायला लागलो. सकाळी गेलं की सूर्य निघतो तो साहेबांच्या उशामागून. बाकीच्या सातांच्या समोरून उगवतो, आणि माझ्या साहेबांच्या डोक्यामागून. ते एकटे तिरके, सगळ्यांकडे पाठ फिरवल्यासारखे, पायाशी ज्वारीचं शेत आणि त्यापलीकडे कुठेतरी, मैलोन् मैल दूर, एक परका समुद्र. माणसाला फक्त आपल्यांसारखं निजायचं होतं. त्यांची माणसं समुद्राने नेली, आणि जे उरलं होतं ते मी नेलं.

खणणारा म्हातारा एकदा तिथे भेटला. मी त्याला म्हटलं, तुझं बरोबर होतं. त्याला काही आठवेना. “होसी, बाबूजी,” म्हणाला, असेल, आणि बिडी पेटवली.

जहाज बुडालं तर, म्हणून केलेली ती तिसरी प्रत साहेबांच्या पेटीतून माझ्याकडे आली होती. ती मी सोळा वर्षं उघडली नाही. परवा बायकोच्या वस्तू आवरताना हाती लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती वाचायला बसलो. नक्कल करायला नाही, वाचायला. नवव्या पानावर चर्चच्या अंगणाचं वर्णन आहे. तिथे साहेबांनी लिहिलं आहे की सगळ्या ख्रिस्ती गावांप्रमाणे आमच्याकडेही मेलेल्यांना पूर्वेकडे पाय करून निजवतात, उगवतीची वाट बघत. आमची पूर्व म्हणजेच समुद्र, त्यामुळे कोळी थट्टेने म्हणतात की आमचे मेलेले होड्यांची वाट बघतात.

थट्टेने, असं लिहिलं आहे. हे वाक्य मी तीन वेळा लिहिलं होतं. तिन्ही वेळा साहेब समोर खुर्चीत बसले होते, आणि मी टाक थांबवून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ‘तूने सब लिखा है’ असं ते म्हणाले तेव्हा त्यांना वाटलं असणार की ज्याने लिहिलं त्याने वाचलंही असेल.

मी ते पान उजेडात नेऊन पाहिलं. अक्षर फार सुरेख आलं आहे. कुठेही खाडाखोड नाही.